पंख्याच्या विमानाने चिपीला

चतुर्थीला पुण्याहून कोकणात गावी जायचं म्हटलं की आमच्या घरात जुलैपासून एकच विषय असतो: यंदा कुठल्या घाटाने? २०२४ साली त्यातली चर्चाही संपली होती. करूळ घाट जानेवारीपासून काँक्रिटच्या कामासाठी बंद होता. उरलेल्यांपैकी भुईबावडा घ्या, फोंडा घ्या नाहीतर आंबोली, गर्दी तीच. रेल्वेने जायचं तर पुण्याहून आधी पनवेलला जायचं आणि तिथून पुन्हा खाली यायचं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे कधीचे रुसलेले. नऊ-दहा तास बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून बसणं आता जमणार नाही, हे तिलाही कळत होतं, पण ते बोलून दाखवायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

त्यात बातमी आली की पुण्याहून थेट चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावर, विमान सुरू होतंय. ३१ ऑगस्टपासून, शनिवार आणि रविवार. कंपनीचं नाव फ्लाय ९१. देशाचा टेलिफोनचा आकडा एक्क्याण्णव, म्हणून हे नाव. कंपनी गोव्याची, मोपाच्या विमानतळावरची, आणि तिची उड्डाणं त्याच वर्षी १८ मार्चला सुरू झालेली. म्हणजे जेमतेम साडेपाच महिन्यांचं बाळ. चिपीला २०२१ च्या ऑक्टोबरपासून विमान येत होतं, पण पुण्याहून नाही. पुणेकर चाकरमान्याला त्याचा काय उपयोग?

पहिल्या दिवसाचं तिकीट मी मुद्दाम काढलं नाही. मुहूर्ताच्या पंगतीला हार, पेढे आणि फोटोच जास्त असतात, म्हणून आम्ही दुसऱ्या पंगतीला बसायचं ठरवलं. रविवार, १ सप्टेंबर. श्रावणातला शेवटचा रविवार, चतुर्थीला सहा दिवस बाकी. गणपतीच्या हंगामात खासगी बसवाले जो आकडा सांगतात तो ऐकल्यावर विमानाचं भाडं काही परकं वाटलं नाही.

तिकीट काढताना पहिली ठेच नावाला लागली. आईला सासरी, माहेरी, सोसायटीत, सगळीकडे सुहासिनी म्हणतात. मीही सवयीने तेच टाकलं. पैसे भरायच्या आधी सहज आधार कार्ड काढून पाहिलं तर त्यावर लग्नाआधीचं नाव, शेवंती. पन्नास वर्षांत तिला त्या नावाने फक्त बँकेतल्या कारकुनाने हाक मारलेली. आपल्याकडे लग्नात नाव बदललेल्या बायका घरोघरी आहेत, तेव्हा आई-मावशी-काकूंचं तिकीट काढताना आधी ओळखपत्र समोर ठेवा. तिथेच व्हीलचेअरची विनंतीही नोंदवून टाकली. आई म्हणाली, "मी काय आजारी आसंय?" मी म्हटलं, विमानतळ लांबलचक असतो, खुर्ची मिळतेय तर बस.

खरा प्रवास सामान भरताना झाला. एसटीने जाताना आमच्या घरात सामानाला वजन नसायचं, नग असायचे. सात नग, नऊ नग, टपावर किती आणि सीटखाली किती. इथे प्रत्येकी पंधरा किलो आतल्या पोटात आणि सात किलो हातात. मी रविवार पेठेतून एक ताणकाटा आणला, हुकाला बॅग अडकवून उचलायची तसला. पहिल्याच फेरीत आईची बॅग एकोणीस किलो भरली. उघडली तर आत पितळेची समई, मोदकाचे दोन साचे, दिव्यांच्या माळा, भावजयींसाठी तीन साड्या, बाकरवडीची चार पाकिटं आणि जुन्या साडीत गुंडाळलेली विळी. बोहरी आळीतून खास घेतलेली, खवणीसकट.

"गावाक विळी नाय काय?" मी तिच्याच भाषेत विचारलं.

"आसा. पण तिका धार नाय."

धार होती म्हणूनच विळी हातातल्या पिशवीत चालत नाही, ती पोटातल्या बॅगेतच जाते. काडेपेटी मात्र पोटातही नाही आणि हातातही नाही. कापूर पेट घेतो, तोही नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नाहीत, कारण खोबऱ्यात तेल असतं आणि तेही पेटतं. कोकणात खोबरं घेऊन जाणाऱ्या माणसाला खरं तर सुरक्षेच्या नव्हे, वेगळ्याच कारणासाठी अडवायला हवं, पण आईचं म्हणणं की प्रसादाचं खोबरं ती इथल्या वाण्याकडचंच वापरते. वाट्या शेजारणीला दिल्या. पॉवर बँकचं उलटं, ती हातातच ठेवायची. साड्या माझ्या बॅगेत आल्या, समई राहिली, दोघांचं मिळून अठ्ठावीस किलोत बसलं.

रविवारी सकाळी साडेसातला लोहगावात पोचलो. विमान साडेनऊच्या सुमाराचं. लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा, धावपट्टी त्यांची, आपण पाहुणे. त्यामुळे फोटो काढू नका अशी सूचना सारखी कानावर पडते. चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्राची रांग होती, पण ते ॲप आईच्या फोनवर बसवण्यात एक संध्याकाळ वाया गेलेली, त्यामुळे आम्ही साध्या रांगेत. काउंटरवर बोर्डिंग पास हातात आला आणि मी थबकलो. विमानाच्या क्रमांकाआधी दोन अक्षरं: आयसी. ही जुन्या इंडियन एअरलाइन्सची अक्षरं, आता या नव्या कंपनीकडे आलेली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयसी म्हटलं की १९९९ चा डिसेंबर, ८१४ आणि कंदाहारच आठवतं. त्यातून त्याच आठवड्यात त्या अपहरणावरची मालिका आली होती आणि धाकट्या भावाने ती दोन रात्रींत संपवली होती. आईला यातलं काही सांगितलं नाही. पास तिच्या पर्समध्ये उलटा घालून ठेवला.

सुरक्षा तपासणीत जे व्हायचं ते झालंच. आईची हातातली पिशवी यंत्रातून बाहेर आली आणि बाजूला गेली. पिशवीत पूजेचा डबा, डब्यात कुंकवाचा करंडा, त्याखाली जानवी आणि सगळ्यात खाली कापराची पुडी. घरी मी कापूर काढला होता, पण तो वाण्याच्या पिशवीतला. हा तिचा राखीव साठा.

"माताजी, ये नहीं जाएगा," तपासणीवरची मुलगी म्हणाली. चोविशी-पंचविशीची असेल.

"देवाचं आहे गं."

"पता है माताजी. घर में भी लगाते हैं. पर जहाज में नहीं जाएगा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मुलीने तुपात भिजवलेल्या फुलवातींची डबी उघडली, वास घेतला, झाकण नीट लावून परत दिली. कापूर मात्र टोपलीत गेला. एरवी मी अशा वेळी हुज्जत घालणारा माणूस आहे, पण चूक शंभर टक्के आमची होती आणि ती पोरगी आमच्यापेक्षा जास्त अवघडलेली दिसत होती.

बसने विमानापाशी नेलं. तिथे आईने पहिल्यांदा ते पाहिलं आणि खुर्चीतूनच म्हणाली, "ह्येका पंखे आसत रे!"

होते. एटीआर ७२ जातीचं हे विमान. पंख खिडक्यांच्या वर, प्रत्येक पंखाला एक इंजिन आणि इंजिनाला सहा पात्यांचा पंखा. चढायचं मागच्या दारातून, सामानाचा कप्पा पुढे. दाराला विमानाचीच पायऱ्यांची शिडी, तीही मोजक्या पायऱ्यांची, कारण विमानाचं पोट जमिनीलगत असतं. मोठ्या विमानाच्या उंच शिडीपेक्षा गुडघेदुखीच्या माणसाला हे कितीतरी बरं. आई कठडा धरून एकेक पायरी करत स्वतः चढली, खुर्चीवाल्या मुलाने फक्त कोपराला हात लावला होता.

आत दोन-दोनच्या सीट, मधली सीट हा प्रकारच नाही. डोक्यावरचा कप्पा लहान. माझी नेहमीची चाकांची बॅग आडवी-तिडवी करून कशीबशी बसली. तुमच्याकडे मऊ पिशवी असेल तर तीच न्या. पुढच्या रांगांतल्या दोघांना हवाई सुंदरीने मागे बसायला सांगितलं. छोट्या विमानात वजनाचा तोल साधायला असं करतात, पण ते न कळलेल्या काकांनी "आम्ही तिकिटाचे पूर्ण पैसे भरलेत" असं सुनावलंच.

आम्ही उजवीकडे, पंखाच्या जरा मागे. आईला खिडकी.

"इंजिन वाजता, पंखो फिरणा नाय कसो?"

प्रश्न बरोबर होता. मोठ्या विमानांच्या शेपटीत एक छोटं जास्तीचं इंजिन असतं, जमिनीवर उभं असताना वीज आणि थंड हवा द्यायला. एटीआरमध्ये ते नसतं. मग उजवं इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात: घरघर चालू, पाती गप्प. मी हे समजावून सांगितल्यावर आई म्हणाली, म्हणजे जात्यात दाणे न घालता पिठाची वाट बघण्यासारखं. तसं नाही ते, पण मी वाद घातला नाही.

मग ब्रेक सुटला, पाती फिरता फिरता दिसेनाशी झाली, आणि थरथर सुरू झाली. ही थरथर जेटमध्ये नसते. आवाजही जास्त. घाबरण्यासारखं काही नाही, पण कोणी सांगितलेलं नसेल तर माणूस सीटचे हात घट्ट धरतो. आईने माझा हात धरला, तो विमान ढगात शिरेपर्यंत. मग सुटला, कारण चघळायची गोळी सोलायची होती.

पुणे ते चिपी सरळ रेषेत तीनशे किलोमीटरही नाही. वर जाऊन स्थिर होतंय न होतंय तोच उतरायची तयारी. ढग दाट होते, पण मध्ये एक फट पडली आणि खाली हिरव्या डोंगरांत लांबलचक, फांद्या फुटलेलं पाणी दिसलं. वाटेचा अंदाज घेता तो कोयनेचा शिवसागर असावा. मागच्या सीटवर दोघे मालवणचे होते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा पडून आठवडाही झाला नव्हता, त्यांचं सगळं बोलणं त्याच विषयावर, हळू आवाजात आणि चिडून.

"घाट खंय इलो?" आईने विचारलं.

"गेला मागे."

तिला ते पटलं नाही. आयुष्यभर घाट म्हणजे उलटीची गोळी, लिंबू, आणि खाली उतरल्यावर कानाला लागणारी दमट हवा. इथे घाट आला कधी, गेला कधी.

खाली येताना खिडकीतून चाक बाहेर पडताना दिसलं. या विमानात चाकं पोटाला असतात, त्यामुळे मागच्या बाजूला बसलात तर सगळं समोर घडतं. उजवीकडे समुद्राची करडी पट्टी, मग माड, कौलं, आणि एकदम मोकळा हिरवा सडा, म्हणजे कातळाचं पठार, मध्येमध्ये उघडा पडलेला जांभा. टायर टेकले तेव्हा कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं आणि अर्ध्या विमानाने "मोरया" केलं. आईनेही.

चिपीचं विमानतळ आटोपशीर आहे. विमानातून उतरल्यापासून बॅग हातात येईपर्यंत मी एक फोनसुद्धा पूर्ण करू शकलो नाही. पण बाहेर सडा आहे हे विसरू नका. गाडी आधी सांगून ठेवलेली बरी, कारण विमानातले सगळे एकदमच बाहेर पडतात आणि प्रत्येकाला वेगळ्या गावी जायचं असतं. आमचं घर वालावलजवळ, न्यायला चुलतभावाचा मुलगा आलेला.

"काकी, विमानान इलात मगे!"

"इलंय. कापूर तेवढो ऱ्हवलो."

तो म्हणाला वाटेत घेऊ, आणि घेतला. दुपारी जेवायच्या आत आई पडवीत नव्या विळीवर बसून नारळ खवत होती आणि शेजारच्या दोघींना विमानाचं वर्णन सांगत होती. वर्णनात ढग नव्हते, समुद्र नव्हता. बंद असलेला पंखा होता आणि गोळी होती.

मी सोमवारी रात्रीच्या बसने परत निघालो, विमान आता थेट शनिवारी, म्हणून. आई अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी परतणार होती. निघताना मी ताणकाटा बॅगेत टाकत होतो तर तिने अडवलं.

"तो काटो हयच ठेव."

कशाला, विचारलं. तर कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या, उकडे तांदूळ आणि सुकलेली सोलं तिने आधीच कोपऱ्यात काढून ठेवली होती, आणि पंधरा किलोत काय काय बसतं ते तिला माझ्याशिवाय मोजायचं होतं.