हायड्रा करू का, ताई?

“ताई, त्या हायड्रानं खरंच फरक पडतो काय?”

हायड्रा म्हणजे हायड्राफेशियल, मशीननं करायचं फेशियल. आणि हा प्रश्न मला नेमका थ्रेडिंग चालू असताना विचारला जातो. विचारणारीनं दोन्ही हातांनी भुवईची कातडी ताणून धरलेली असते, माझ्या दातांत दोरा असतो आणि मागं बाकावर आणखी दोघी ताटकळत असतात. मी नुसतं “हं” करते. त्या “हं”चा अर्थ जिला जसा पाहिजे तसा ती लावते, आणि पुढच्या आठवड्यात येऊन म्हणते, “तुम्हीच म्हणालासा की, कर म्हणून!” तेव्हा एकदा सविस्तर लिहून टाकते.

माझं पार्लर कोल्हापुरात, राजारामपुरीत आहे. गल्ली सांगत नाही, ओळखणाऱ्या ओळखतील. हायड्राचं मशीन माझ्याकडं आहे, मी ते वापरते आणि त्याचे पैसे घेते. त्यामुळं मशीनच्या नावानं बोटं मोडायला मी बसलेली नाही. पण मशीन विकायला आलेल्या पोरानं जे सांगितलं आणि मशीन प्रत्यक्षात जे करतं, त्यात बरंच अंतर आहे. “मॅडम, चौदा इन वन आहे, कस्टमर दहा वर्षं मागं जातोय,” म्हणाला. मी म्हटलं, “दहा वर्षांपूर्वी माझ्या कस्टमरला पिंपल्स होती रे, तिथं कशाला नेतोस तिला?”

आधी मशीन काय करतं ते सांगते. पेनासारखा हँडपीस असतो, त्याला पुढं प्लॅस्टिकची टिप. टिपेवर चक्राकार खाचा. एका नळीतून द्रावण येतं आणि दुसरी नळी व्हॅक्यूमनं ते लगेच ओढून घेते, त्यामुळं चेहऱ्यावर पाण्याचा छोटासा भोवरा फिरत राहतो. हे पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पहिल्या बाटलीत बहुतेक लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक ॲसिड, दुसरीत तेलकटपणासाठी सॅलिसिलिक, तिसरीत ओलावा धरून ठेवणारं हायल्युरॉनिक ॲसिड. मेलेल्या पेशी सैल होतात, नाकावरचं तेल मऊ होतं, व्हॅक्यूम ते उचलतं. आम्ही पूर्वी वाफ देऊन, स्क्रब घासून आणि ब्लॅकहेडची सळई दाबून जे करत होतो तेच, पण नाकाला रडू न आणता. एवढा मोठेपणा मी मशीनला मनापासून देते.

आता ती खालची बरणी. या धंद्यातली सगळ्यात हुशार विक्रेती तीच. शेवटी तिच्यात गढूळ पाणी जमतं आणि कस्टमर उठल्या उठल्या मोबाइल काढते, फोटो स्टेटसला, “बघा किती घाण निघाली!” बाई गं, त्या पाण्यात तुझं सकाळचं सनस्क्रीन आहे, पावडर आहे, थोडं तेल आहे, थोड्या मेलेल्या पेशी आहेत, आणि बाकी सगळं मीच ओतलेलं द्रावण आहे. नाकावरचे ते करडे ठिपकेसुद्धा बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतात. रंध्रातून तेल बाहेर यायची जी वाट असते तिथले ते तेलाचे बारीक धागे. सगळ्यांच्याच नाकावर असतात, काढले की काही आठवड्यांत परत भरतात. त्याला ना मशीनचा इलाज आहे, ना तशी गरज आहे.

मग चेहरा चमकतो कशानं? कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थर वहीच्या कागदाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका जाड असतो. हायड्राचं सगळं काम या थरात. वरचा खडबडीत भाग निघाला की उजेड सगळीकडून सारखा परततो. उरलेला थर पाणी पिऊन फुगतो, त्यामुळं डोळ्यांखालच्या बारीक रेषा बुजल्यासारख्या वाटतात. व्हॅक्यूमच्या ओढीनं रक्त वर येतं, गाल गुलाबी होतात. दिसायला लई भारी दिसतं, खोटं कशाला बोलू? पण पाणी उडून जातं, गुलाबीपणा रात्रीपर्यंत ओसरतो, आणि तरुण कातडी तशीही साधारण महिन्याभरात खालून नवा थर वर ढकलते. वय वाढलं की याला जास्त दिवस लागतात. माझ्या डोळ्यांना चांगला फरक आठवडाभर दिसतो, एखादीला दहा दिवस. तिथून पुढं चेहरा पूर्वीसारखा.

लग्नासाठी आठवडा पुष्कळ झाला. अक्षता शनिवारी असतील तर मंगळवारी-बुधवारी करावं. मात्र पहिल्यांदाच करणारीनं ऐन लग्नाच्या आठवड्यात येऊ नये; काहींना लाल चट्टे येतात, काहींना आतली बारीक मुरमं वर येतात, म्हणून महिनाभर आधी एकदा करून बघावं. त्याच दिवशी ब्लीच नाही, वरच्या ओठाचं वॅक्स नाही. डॉक्टरांनी मुरमांवर ट्रेटिनॉइनची ट्यूब दिली असेल तर मला आधी सांगायचं, कारण ती कातडी आधीच नाजूक झालेली असते. आणि हळद? ॲसिड फिरवलेल्या ताज्या चेहऱ्यावर करवल्यांनी हळद चोळली की नवरी कळवळते, हे मी बघितलंय. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. जोतिबाच्या चैत्री यात्रेला जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं. आधी गुलाल खेळून या, चेहरा शांत होऊ दे, मग बघू.

मशीनच्या उरलेल्या तेरा करामतींपैकी निम्म्या माझ्या मशीनवर धूळ खात आहेत. ऑक्सिजन स्प्रे घ्या. कातडीला लागणारा ऑक्सिजन बराचसा रक्तातून येतो, अगदी वरच्या थराला आपल्याभोवतीची हवा पुरते. स्प्रेनं गार वाटतं आणि सीरम एकसारखं बसतं, एवढंच. कोलाजेन म्हणजे कातडीला घट्ट धरणारं प्रथिन. त्याच्या सीरमचं तर नावच काढू नका. पाचशे डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठे रेणू न फुटलेल्या कातडीतून सहसा आत शिरत नाहीत, हा त्वचाशास्त्रातला ढोबळ नियम आहे, आणि कोलाजेनचा रेणू तीन लाखांच्या घरातला. तो वर बसून ओलावा धरतो. मॉइश्चरायझर म्हणून बरा, पण “आत जाऊन कोलाजेन भरतो” हे कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. रेडिओ फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे रेडिओ लहरींनी कातडी शेकायचंही तसंच. कोलाजेनचे धागे आकसायला साठ अंशांच्या आसपास उष्णता लागते. पार्लरच्या हँडपीसनं वरची कातडी चाळीस-बेचाळीसच्या पुढं नेली तर पोळेल. म्हणजे सुखद शेक मिळतो, किंचित सूज येते, आणि त्या सुजेलाच संध्याकाळपर्यंत “टाइट झालं” म्हणतात.

खरा, टिकणारा फरक पाडणारी यंत्रं आहेत. ती माझ्याकडं नाहीत आणि ठेवणारही नाही. मुरमांच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं) आणि फ्रॅक्शनल लेझर यांचा उपयोग होतो, हे डॉक्टरलोकांनी वारंवार तपासलंय. त्यांचं तत्त्वच वेगळं आहे. ती कातडीला ठरवून बारीक बारीक जखमा करतात, मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल, आणि शरीर त्या भरून काढताना नवं कोलाजेन तयार करतं. त्याला महिने लागतात. दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे जावे लागतात. खड्डे उथळ होतात, नाहीसे होत नाहीत. जिथं जखम आहे तिथं जंतुसंसर्ग आहे, भूल आहे, औषध आहे, म्हणजे ते डॉक्टरचं काम. अमेरिकेत अल्बुकर्क शहरातल्या एका विनापरवाना स्पामध्ये रक्ताचं फेशियल (आपलंच रक्त काढून सुयांनी चेहऱ्यात घालतात ते) करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली, तो स्पा २०१८ साली बंद केला गेला. हे ऐकूनही कोणी म्हणत असेल की पार्लरमध्ये सुया स्वस्तात मिळतात, तर मी काय बोलू?

आणि आपल्या रंगाचा प्रश्न यात सगळ्यात मोठा आहे. कातडीचे सहा प्रकार मोजायची एक पद्धत आहे, १९७५ साली फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी काढलेली. सुरुवातीला ती गोऱ्या कातडीपुरतीच होती, सावळे-काळे प्रकार नंतर जोडले गेले. आपल्यापैकी बहुतेकजणी चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. या कातडीला उन्हाचं सुरकुतणं उशिरा, पण डाग लगेच. मुरूम फोडलं की डाग, वॅक्स पोळलं की डाग, डास चावला तरी डाग. मग लेझर जरा जास्त झालं तर काय होईल, विचार करा.

शाहूपुरीतली एक जुनी कस्टमर. दोन्ही गालांवर वांग. तिनं कुठूनतरी कार्बन लेझरचं, म्हणजे चेहऱ्याला कोळशाचा लेप लावून वरून लेझर मारायचं पॅकेज घेतलं. कुठून ते तिनं सांगितलं, मी इथं लिहीत नाही. पहिल्या दोन वेळेला गाल उजळले, सगळ्यांनी विचारलं, काय केलंस. पॅकेज संपलं आणि उन्हाळा लागला. माझ्याकडं आली तेव्हा स्कार्फ सोडायला तयार नव्हती. “ताई, होतं त्याच्या दुप्पट झालंय बघा, आणि मधे मधे पांढरे ठिपके.” लेझर तिथं डॉक्टरनं केलं नव्हतं, खुर्चीत झोपवून एका पोरीनं केलं होतं. वांगाचं असंच आहे. तिथल्या रंग बनवणाऱ्या पेशी आधीच चिडलेल्या असतात, उष्णतेनं आणखी चिडतात. ऊन, स्वयंपाकघरातली धग, गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या, कशानंही. मी तिला हात लावला नाही. सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्याच्या त्वचा विभागात जा म्हटलं. महागडा डॉक्टर परवडत नाही ही सबब तिथं चालत नाही.

तिच्या पर्समधून आणखी एक ट्यूब निघाली. मेडिकलवाल्यानं दिलेली “गोरं व्हायची” क्रीम. त्यात स्टेरॉइड. आठ दिवसांत चेहरा दुधासारखा, आणि सहा महिन्यांत कातडी पातळ, लाल शिरा, तोंडावर लव, आणि क्रीम बंद केली की आग आग. सरकारनं २०१८ साली अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत म्हणून नियम केला. चिठ्ठी कोण विचारतंय? मशीनपेक्षा या ट्यूबनं बिघडलेले चेहरे माझ्या खुर्चीत जास्त येतात.

मग कातडी सुधारते कशानं? माझ्याकडं विकायला नाही अशा गोष्टीनं. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर नावाचं गाव आहे. तिथं नव्वदच्या दशकात नऊशे तीन माणसांवर प्रयोग झाला. निम्म्यांना सांगितलं, रोज सनस्क्रीन लावा. निम्म्यांना सांगितलं, तुम्हाला वाटेल तेव्हा लावा. सनस्क्रीनही काही भारीतलं नव्हतं, एसपीएफ पंधराच्या आसपासचं. सुरुवातीला आणि साडेचार वर्षांनी सगळ्यांच्या हाताच्या पाठीचे सिलिकॉननं ठसे घेतले. रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय त्या काळात वाढल्याचं दिसलंच नाही; दुसऱ्या गटापेक्षा त्यांचं म्हातारपण २४ टक्क्यांनी कमी. निकाल २०१३ साली छापून आला. तो वाचला त्या दिवशी मी मशीनच्या हप्त्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

कोल्हापुरात आपण काय करतो? ॲक्टिव्हावर बसताना स्टोल असा गुंडाळतो की घरचा माणूसही ओळखणार नाही, आणि वाटतं झालं. पातळ सुती स्टोलमधून ऊन येतंच, डोळ्यांभोवती आणि कपाळाला तर स्टोल नसतोच, आणि नेमकं तिथंच काळं पडतं. स्टोलच्या आत सनस्क्रीन पाहिजे, चेहरा-मानेला दोन बोटं भरून. वांग असेल तर कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइडवालं घ्या, कारण वांगाला साधा उजेडही भडकवतो आणि पांढरं क्रीम उजेड अडवत नाही. पावसाळ्यात सगळ्याजणी ट्यूब कपाटात ठेवतात. ढगातून उन्हातली यूव्हीए किरणं आरामात येतात, त्यांना कोल्हापूरचा जुलै माहीत नाही.

दुसरी गोष्ट ट्रेटिनॉइन. अमेरिकेत १९७१ पासून मुरमांवर दिलं जातं, आणि उन्हानं पिकलेल्या कातडीवरही त्याचा परिणाम होतो हे ऐंशीच्या दशकात क्लिगमन या त्वचेच्या डॉक्टरांनी दाखवलं. कोलाजेन वाढवणारं म्हणून ज्याचं खरंच नाव घेता येईल असं हे औषध. रात्री वाटाण्याएवढं, डॉक्टरला विचारून, आणि गरोदर असाल किंवा होणार असाल तर अजिबात नाही.

एलईडी मास्कचं विचारणाऱ्या आता कॉलेजच्या पोरी आहेत. पूर्ण थोतांड नाही ते. ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड मुरमांचे जंतू मारतो, ६३३च्या आसपासच्या लाल उजेडानं सूज कमी होते आणि कोलाजेनलाही थोडी चालना मिळते. पण घरच्या मास्कची ताकद दवाखान्यातल्यापेक्षा बरीच कमी, त्यामुळं महिनोन्‌महिने नेमानं लावावा लागतो. ज्या पोरी नाइट क्रीम चार दिवसांवर नेत नाहीत त्यांनी तेवढे पैसे घालू नयेत. वांग असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय तर नाहीच.

राहिला दर. हायड्रा माझ्याकडं दीड हजार, साधं क्लीनअप चारशे. सहा सिटिंगचं पॅकेज सगळे ठेवतात, मी ठेवत नाही. पहिल्यानंतर कातडी महिन्याभरात होती तिथंच येते, तेव्हा दुसरं काही पहिल्याच्या वर चढत नाही, सहावंही नाही. मग सहाचे पैसे आधी कशाला घेऊ? घरात कार्य असेल, साखरपुडा असेल, मुलाखत असेल, तेव्हा एकदा या. फोन करून या, शनिवारी नंबर लागत नाही.