कापूस वेचायला गेलेली नववी

शनिवार, रात्र

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा कधीच उघडली पण नववीचा वर्ग काही भरत नाहीये. एनएसएसमधून, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतून, आम्ही कॉलेजची पोरं इथे अभ्यास घ्यायला येतो, आणि मुलींचे मागचे बाक रोज रिकामे. पोट्ट्या कुठे आहेत ते अख्ख्या गावाला माहीत आहे, वावरात. कापूस फुटलाय, वेचायला मजूर भेटत नाही, वेचणीचे पैसे किलोवर, मग घरातले जेवढे हात तेवढे पऱ्हाटीत. आईबापाला नावं ठेवायची माझी तरी हिंमत होत नाही.

आज संध्याकाळी सोबतच्या मैत्रिणीला घेऊन एकीच्या घरी गेलो. तिची माय आत्ताच वावरातून आलेली, कमरेची ओटीसुद्धा सोडली नव्हती. म्हणाली, "मले काय वाटत नाही का भाऊ, पोट्टी शिकली पाहिजे म्हून? पण कापूस काय थांबते का आपल्यासाठी? अन् आता इतके दिवस बुडाले, जाऊन तिले काय समजन?"

हे शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. कारण पोरगी दाराआडून हळूच विचारत होती, "दादा, दोन चलांची समीकरणं सुरू झाली का?" वही दाखवताना तिची बोटं दिसली, वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी नखांच्या बाजूने सगळी ओरखडलेली. शिकायची इच्छा नाही असं तिला बघून कोण म्हणेल? शाळा सुटते ती वेचणीने नाही, वेचणी संपल्यावर वर्गात जाऊन बसलं की फळ्यावरचं काहीच कळत नाही ना, त्या दिवशी सुटते.

आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही १४ वर्षांपर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंत. नववीतली पोरगी घरी बसली तर कायद्याने कोणाला विचारता येत नाही. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मानव विकासची निळी बसही येते, हे खूप मोठं काम झालंय, पण बस शाळेच्या गेटपर्यंत नेते, मागे पडलेला धडा कोण भरून देणार?

अमेरिकेत सिटी इयर म्हणून एक काम चालतं, १९८८ मध्ये बोस्टनला सुरू झालेलं. १८ ते २५ वयाची पोरं जवळजवळ पूर्ण शालेय वर्ष शाळेतच असतात आणि मुलाची हजेरी, वागणूक, भाषा-गणित यावर लक्ष ठेवतात, काही घसरायला लागलं की लगेच त्याच्यासोबत बसतात, शाळा सोडेपर्यंत वाट बघत नाहीत. आपली एनएसएस १९६९ पासून आहे, गावोगावच्या कॉलेजात आहे. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. शिबिरात आम्ही रस्ते झाडतो, झाडं लावतो, चांगलंच आहे ते, पण माझं स्पष्ट मत आहे की कापसाच्या गावांत यातले जास्तीत जास्त तास दिवाळी ते संक्रांत याच काळात आणि याच मुलींसाठी लागले पाहिजेत, कारण गळती तेव्हाच लागते.

सरांशी बोललो, रोजची गैरहजर यादी द्यायला ते तयार आहेत. सोमवारपासून संध्याकाळी सातला समाजमंदिरात बसायचं ठरलंय, तिथे लाइट चांगला आहे, आणि त्या दिवशी वर्गात जे झालं तेवढंच घ्यायचं. ती येते म्हणाली, शेजारच्या दोघी पण येतो म्हणाल्या. एकीच्या बापाला अजून विचारायचंय, तो उद्या बाजारातून आला की जातो.