आमची वाटचाल : फुटबॉल प्रशिक्षकांच्या सहीचे जुने फोटो

बाबांचं दुकान फोटोफ्रेमचं, नारायण पेठेत. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो यांवरच घर चालायचं. जीव मात्र फुटबॉलमध्ये. पुण्यात क्रिकेटपुढे बाकी खेळांना कोण विचारतो, पण कॅम्पात आणि खडकीत फुटबॉल रुजलेला आहे. तिथली गिऱ्हाइकं आपल्या संघाचे ग्रुप फोटो घेऊन यायची. बाबा फ्रेम करण्याआधी फोटो उलटा करून बघायचे : स्टुडिओचा शिक्का, साल, नावं, सह्या. आम्हा भावंडांना तीच सवय लागली.

दुकान माझ्याकडे आलं तेव्हा सहीच्या जुन्या फोटोंची खरेदी-विक्री सुरू केली. आधी सगळेच खेळ होते. मग दिसू लागलं की सामना संपल्यावर सगळी झुंबड खेळाडूंभोवती पडते, प्रशिक्षकापुढे वही धरणारे मोजकेच. त्यामुळे हे फोटो मुळातच कमी, आणि ओळखणारे त्याहून कमी. संघ ज्याने घडवला त्याचा चेहराही पुढच्या पिढीला माहीत नसावा, हे मला फार लागायचं. शेवटी बहिणीशी बोलून इतर खेळ बंद केले. पहिली काही वर्षं ओढाताणीची गेली. तेव्हा फ्रेमच्या कामानेच तारलं.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती सय्यद अब्दुल रहीम यांच्या फोटोची. हैदराबादचे हे शिक्षक भारताचे प्रशिक्षक असताना आपण 1951 ला दिल्लीत आणि 1962 ला जकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकलं, 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. म्हणजे मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या जुन्या पेटीत त्यांची सही निघणं अशक्य नाही, आणि नेमका याच आशेचा फायदा घेतला जातो. रहीमसाहेब 11 जून 1963 रोजी गेले. शार्पी हा पेनासारखा मार्कर अमेरिकेत 1964 मध्ये आला. प्लॅस्टिकचा थर असलेला फोटोचा कागद सर्रास वापरात आला तोही त्यांच्यानंतर. तेव्हा तशा चकचकीत कागदावर मार्करची ठसठशीत सही घेऊन कोणी आलं, तर आम्ही चहा पाजतो आणि फोटो परत देतो.

परदेशी फोटोंची गोष्ट वेगळी. लिव्हरपूलचे बिल शँक्ली चाहत्यांच्या पत्रांना स्वतः टाइपरायटरवर उत्तरं लिहायचे, त्यामुळे ताडून पाहायला त्यांच्या सह्या मिळतात. 1934 आणि 1938 असे दोन विश्वचषक इटलीला जिंकून देणारे व्हित्तोरिओ पोझ्झो 1968 पर्यंत हयात होते. त्यांच्या 1934 च्या फोटोवरची सही कितीतरी नंतरची असू शकते, आणि ती खरीच असते. पण अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे, आणि फोटोच्या कागदात ते 1950 च्या दशकापासून पडू लागलं. मग तो फोटो 1934 मध्ये छापलेला म्हणून विकता येत नाही. सहीचं वय आणि छापील प्रतीचं वय आम्ही बिलावर वेगवेगळं लिहितो. काही गिऱ्हाइकांना हा काथ्याकूट वाटतो. मला तो अत्यावश्यक वाटतो.

बाकी तपासणी भिंगाखाली. फोटोबरोबरच छापलेल्या सहीला शाईचा थर नसतो. खरी शाई पृष्ठभागावर बसते, तिची चमक वेगळी दिसते. बॉलपेन असेल तर तिरप्या उजेडात दाबाची चर उमटते. तरीही सही प्रशिक्षकाची की त्याच्या वतीने क्लबातल्या कोणाची, हा प्रश्न उरतोच. तिथे त्याच काळातली पत्रं आणि करारांवरच्या सह्या शेजारी ठेवाव्या लागतात. पटलं नाही तर आम्ही विकत नाही, मग समोरचा कितीही देवो.

जपणुकीचं काम बहिणीचं. जुन्या पद्धतीत फोटो थेट काचेला टेकायचा, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तो काचेलाच चिकटायचा. ती आम्लरहित माउंट घालून काच आणि फोटोमध्ये अंतर ठेवते, फोटो कोपऱ्यांत अडकवते, डिंक लावत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर कपाटातला प्रत्येक फोटो बुरशीसाठी तपासला जातो.

सध्या आम्ही पुणे आणि खडकीतल्या स्थानिक प्रशिक्षकांचे फोटो गोळा करतोय. त्यांना बाजारात किंमत नाही, तरी मला ते जकार्ताच्या फोटोइतकेच मोलाचे वाटतात, कारण पोरांना पहाटे मैदानावर उभं करणारे हेच होते. तुमच्या घरात असा फोटो असेल तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, मागचा मजकूर खोडू नका. आहे तसा घेऊन या. विकायचा नसला तरी चालेल. आम्ही स्कॅन करून, नावं लिहून घेऊन परत देतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.