हक फिनला स्वतःचा चांगुलपणा कळतच नाही

मार्क ट्वेनचं 'हकलबेरी फिन' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती नुसती पळून गेलेल्या पोराची धमाल गोष्ट वाटली होती, तराफा, मिसिसिपी नदी, ते दोन भामटे राजा आणि ड्यूक, बास. परवा परत काढलं आणि एकतिसाव्या प्रकरणात अडकलेच.

जिमला, म्हणजे हकसोबत तराफ्यावर असलेल्या पळालेल्या गुलामाला, त्या राजाने ४० डॉलरला विकून टाकलंय. हक ठरवतो की जिमच्या मालकिणीला, मिस वॉटसनला कळवून मोकळं व्हावं. प्रार्थना करायला गुडघे टेकतो तर शब्दच फुटत नाहीत, मग चिठ्ठी लिहितो आणि लिहिल्या लिहिल्या त्याला पाप धुतल्यासारखं हलकं वाटतं. आणि मग बसतो आठवत, जिम आपल्याला झोपू द्यायचा आणि स्वतःच्या पहाऱ्यावर आपलाही पहारा द्यायचा, धुक्यात चुकामूक झाल्यावर आपण परत दिसलो तेव्हा केवढा खूश झाला होता... शेवटी कागद हातात, हात थरथरतोय, श्वास रोखलेला, आणि म्हणतो ठीक आहे, मग जाईन नरकात, आणि चिठ्ठी फाडतो.

याला गाइडमध्ये 'आयरनी' (पात्राला वाटतं एक, खरं असतं उलटं) म्हणतात आणि दोन मार्कांत उरकतात. पण गंमत बघा, हकला खरंच वाटतंय की आपण वाया गेलो. त्याला वाढवलंच असं की गुलाम पळवणं म्हणजे चोरी. पुस्तक आलं १८८४-८५ला, गुलामगिरी १८६५लाच संपलेली, त्यामुळे वाचणाऱ्याला कोण बरोबर ते आधीच माहितीये, आणि मार्क ट्वेन मध्ये येऊन एका शब्दाने सुद्धा काही समजावत नाही. दुसरा कोणी असता तर पानभर भाषण ठोकलं असतं.

आणि मला खरा धक्का बसला तो लगेच पुढच्या प्रकरणात. हक सॅली मावशीला, म्हणजे त्याच्या मित्राच्या, टॉम सॉयरच्या मावशीला, बोटीवर स्फोट झाल्याची थाप मारतो, ती विचारते कुणाला लागलं का गं बाई, तर हा म्हणतो नाही, एक काळा मेला. त्यावर ती म्हणते नशीब, कधीकधी माणसांना लागतं. माणसांना! सॅली मावशी चांगली प्रेमळ बाई आहे हो, म्हणूनच ते जास्त लागतं. पण हक? त्याने हे तिला पटावं म्हणून म्हटलं की सहज तोंडातून निघालं? नुकतीच चिठ्ठी फाडलेला पोरगा हा. मी तीनदा वाचलं, अजून ठरत नाहीये.

बाकी बोलीभाषा वगैरेवर लोक भरपूर लिहितात, ट्वेनने स्वतःच सुरुवातीला टीप टाकलीये की यात वेगवेगळ्या बोली मुद्दाम वापरल्यात, नाहीतर लोकांना वाटेल सगळी पात्रं एकसारखं बोलायला बघतायत आणि जमत नाहीये. मस्त टोमणा आहे.

शेवटची टॉम सॉयरची जिमच्या सुटकेची नाटकं मात्र मला आजही कंटाळवाणी वाटतात, 'पाय' (pie) नावाच्या पदार्थात लपवलेली दोरीची शिडी काय आणि काय काय. ती वाचताना पानं भराभर उलटत होते आणि मग टॉम सांगतो की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्रात जिमला मोकळं करून गेली. मी मागे जाऊन दिवसांचा हिशोब लावला. हकने घाम फुटेपर्यंत विचार करून ती चिठ्ठी लिहिली, तेव्हा ती घ्यायला बाई बहुतेक जिवंतच नव्हती.