माथेरान स्टेशनवरची कर्जत लोकल

दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवली आणि रुळांच्या कडेकडेनं चालत निघालो. अमन लॉज स्टेशनहून माथेरानला शटल गाडी मिळते, पण खांद्यावर रंगांची पिशवी असली की मला रांगेत उभं राहवत नाही. स्टेशन येईस्तोवर जांभ्याच्या धुळीनं पांढरे बूट लाल झाले होते.

माथेरान स्टेशन ऐन बाजारात. सावली बघून बूड टेकवलं, पेन्सिलीनं रेखाटन उरकलं, पातळ रंगाचा पहिला हात, म्हणजे वॉश, टाकला. जानेवारीची कोरडी हवा, कागद पटापट वाळत होता. आभाळ, छप्पर, मागची झाडी, स्टेशनातली मिनी ट्रेन, सगळं मनासारखं उतरलं. तरी चित्र काही केल्या माथेरानचं वाटेना.

एक घोडेवाले काका केव्हाचे मागे उभे होते. म्हणाले, "साहेब, ही कर्जत लोकल काढलीत का?"

"का हो, काय चुकलं?"

काका काही बोलले नाहीत. सरळ खाली उतरले आणि दोन रुळांवर दोन पाय देऊन उभे राहिले. अगदी आरामात, पानाच्या टपरीसमोर उभं राहावं तसे.

दोन फुटी रूळ! मोजून ६१० मिलिमीटर. खाली नेरळला मोठ्या गाडीचे रूळ १,६७६ मिलिमीटरवर. जन्मभर लोकल बघितलेल्या हातानं गुपचूप तेच अंतर काढलं होतं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ मध्ये ही नेरळ-माथेरान लाइन बांधली. ती एवढी अरुंद का, तर घाटातली वळणं. रूळ जवळ असले की गाडीला आवळून वळता येतं. माझ्या चित्रातली गाडी जुम्मापट्टी स्टेशनच्या आधीच दरीत गेली असती.

दुसरा कागद लावला. आता आधी काका, मग त्यांच्या पायांखाली रूळ. माणूस उभा राहिला तसे डबे आपसूक बुटके झाले. जमिनीच्या रंगानं मात्र घाम काढला. नुसता बर्न्ट सिएना हा तपकिरी रंग मळकट दिसतो, लाइट रेड घातला की विटकरी होतो. त्यात एका माकडानं रंगाचं पाणी दोनदा पिऊन टाकलं.

चित्र झाल्यावर काकांनी निरखून बघितलं. "रूळ बरोबर आहेत. पण आमचा घोडा कुठंय?"

घोड्याला जागाच उरली नव्हती. शेवटी पहिल्या चित्रात, कर्जत लोकलच्या शेजारी त्याला उभा केला. काकांनी तो कागद फुंकून वाळवला आणि चार घड्या घालून खिशात ठेवला.