हांगझोऊचं शीहू : चार ऋतू आणि हजार वर्षांचा गाळ

चीनच्या एक युआनच्या नोटेमागे पाण्यातून वर आलेले छोटे दगडी मनोरे छापलेले आहेत. नोटा आता इथे क्वचितच कुणाच्या हातात दिसतात, भाजीवालीसुद्धा फोननेच पैसे घेते. मनोरे मात्र खरे आहेत. हांगझोऊ शहराला लागून असलेल्या शीहूच्या, म्हणजे पश्चिम सरोवराच्या पाण्यात ते उभे आहेत आणि वर्षाच्या प्रत्येक ऋतूत मी त्यांना पाहून येते.

आम्ही राहतो शेजारच्या शाओशिंग शहरातल्या कछ्याओ भागात. जगातल्या मोठ्या कापडबाजारांपैकी एक इथे आहे आणि इचलकरंजीहून आम्ही इथे आलो तेही कापडाच्या धंद्यामुळेच. 2021 मध्ये शाओशिंगची मेट्रो हांगझोऊच्या मेट्रोला जोडली गेली आणि सकाळी डबा घेऊन निघावं, रात्री परत यावं इतकं हे सरोवर जवळ आलं.

फोटोत पाहिलं तर वाटतं, हे सगळं निसर्गाचं देणं. तीन बाजूंना हिरवे डोंगर, चौथ्या बाजूला शहर, मधे संथ पाणी. पण जसजसं तिथे जाणं वाढलं, तिथले शिलालेख आणि माहितीफलक वाचून घेतले, तसतसं मला एकच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटू लागली : हे सरोवर माणसांनी पिढ्यान् पिढ्या राखलं, म्हणून आहे. नाहीतर ते केव्हाच बुजलं असतं.

मुळात इथे खाडीचा एक फाटा होता. छ्येनथांग नदीच्या गाळाने त्याचं तोंड बंद होत गेलं आणि आत अडकलेल्या पाण्याचं सरोवर झालं. असं पाणी उथळ असतं. आजही शीहूची सरासरी खोली दोन-अडीच मीटरच्या आसपास आहे. लक्ष दिलं नाही की पाणवनस्पती माजतात, त्या कुजून तळ वर येतो आणि बघता बघता दलदल होते. इ.स. 822 मध्ये बाइ जूयी हा कवी इथे राज्यपाल म्हणून आला आणि शेतीला पाणी पुरावं म्हणून त्याने बांध घालून घेतला. पण खरी कथा सू शी याची. सू तुंगपो म्हणूनही तो ओळखला जातो. कवी, चित्रकार, सुलेखनकार आणि सरकारी अधिकारी. 1089 मध्ये तो हांगझोऊचा प्रमुख म्हणून आला तेव्हा निम्मं सरोवर पाणगवताने भरून गेलं होतं. 1090 मध्ये त्याने दरबाराला अर्ज पाठवला : आणखी 20 वर्षं असंच चाललं तर शीहू उरणारच नाही. चेहऱ्याला डोळे आणि भुवया असतात तसं या शहराला हे सरोवर आहे, असंही त्याने त्यात लिहिलं.

मंजुरी मिळाली, पण पैसा अपुरा. दरबाराकडून त्याने बौद्ध भिक्षूंना लागणारे दीक्षा-परवाने मागून घेतले आणि ते विकून खर्च भागवला. हजारो मजुरांनी गवत उपटलं, गाळ उपसला. एवढा गाळ टाकायचा कुठे? त्याने तो सरोवरातच दक्षिण-उत्तर रचून जवळपास 2.8 किलोमीटरचा बांध केला आणि पाणी खेळतं राहावं म्हणून त्यात सहा पूल ठेवले. आज ज्या ‘सू बांधा’वरून लोक चालतात, सायकली फिरवतात, लग्नाचे फोटो काढतात, तो सगळा त्या गाळाचा आहे.

त्याची पुढची युक्ती मला अधिक थोर वाटते. गवत पुन्हा माजू नये म्हणून त्याने काठाजवळचं उथळ पाणी शेतकऱ्यांना शिंगाडे लावायला दिलं. शिंगाडा लावायचा तर दर वसंतात तळ साफ करावाच लागतो, म्हणजे सफाई आपोआप झाली, आणि मिळणारा खंड पुढच्या गाळउपशाला वापरता आला. पण शिंगाड्यांनीच सगळं सरोवर व्यापू नये म्हणून मधल्या पाण्यात दगडी मनोरे उभारून हद्द आखून दिली. नोटेवरच्या मनोऱ्यांची सुरुवात ही अशी. आजचे मनोरे नंतरच्या काळात पुन्हा बांधलेले आहेत, पण मूळ हेतू हाच. पंचगंगेवर दरवर्षी पसरणारी जलपर्णी बघत मी मोठी झाले. त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या काठावर मी बराच वेळ थांबले होते.

पुढेही हेच चालू राहिलं. सरोवरातलं सर्वांत मोठं मानवनिर्मित बेट सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उपसलेल्या गाळातून घडवलं, छोटं बेट 1800 च्या सुमारास. अलीकडचा मोठा उपसा 1999 ते 2003 दरम्यान झाला. त्यात उपसलेल्या गाळाचा काही भाग दक्षिणेकडच्या ज्यांगयांगफान नावाच्या दरीत नेऊन टाकला. त्या गाळात निजलेल्या बिया तिथे रुजल्या आणि आपोआप पाणथळ रान उभं राहिलं. ते तोडण्याऐवजी त्यातून लाकडी पायवाटा काढून 2010 मध्ये बाग खुली केली. शीहूला येणारे बहुतेक लोक तिथे जात नाहीत. जावं असं मी आग्रहाने सांगेन.

आता ऋतूंकडे येते. दक्षिण सोंग राजवटीत हांगझोऊ राजधानी होतं. त्या काळातल्या चित्रकारांनी शीहूची ‘दहा दृश्यं’ ठरवली. प्रत्येक दृश्याला एक जागा, आणि बहुतेकांना एक वेळ किंवा ऋतूही : सू बांधावरची वसंतातली पहाट, शांत सरोवरावरचा शरदाचा चंद्र, तुटक्या पुलावरचं उरलेलं बर्फ, लेइफेंग पॅगोडावरचं मावळतीचं ऊन. 1699 मध्ये खांगशी सम्राटाने ही नावं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिली आणि ती दगडात कोरली गेली. त्यामुळे इथली माणसं ‘शीहू बघायला’ अशी सरसकट येत नाहीत. कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी, कुठे उभं राहायचं हे त्यांना माहीत असतं. हा शिस्तशीर रसिकपणा मला फार आवडतो.

वसंत म्हणजे मार्चची अखेर. बांधांवर एकाआड एक विलो आणि पीच लावलेले आहेत. विलोची पोपटी पालवी आणि पीचची गुलाबी फुलं एकाच आठवड्यात येतात. पहाटे सहाला पोहोचलात तर चालायला जागा मिळते, नऊनंतर नाही. मी त्या दिवसांत फुलं थोडी बघते आणि बस पकडून डोंगरामागच्या मेइज्यावू नाहीतर लाँगजिंग गावात जाते. छिंगमिंग हा पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करण्याचा सण 4 किंवा 5 एप्रिलला येतो. त्याआधी खुडलेला लाँगजिंग चहा सर्वांत किमती, चांगल्या मालाला अर्ध्या किलोचे काही हजार युआन पडतात. बायका कंबरेला टोपली बांधून एक कळी आणि एखाददुसरं कोवळं पान एवढंच खुडतात. घरोघरी मोठ्या लोखंडी कढया तापलेल्या असतात आणि माणसं पानं हातानेच दाबत, सारत, उलटत भाजतात. चीनमधल्या पारंपरिक चहा बनवण्याच्या कलांना 2022 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात ही कलाही आहे. चहा काचेच्या पेल्यात, दूध-साखर न घालता, पानांसकट. पहिल्या घोटाला काही कळत नाही. तिसऱ्यांदा गरम पाणी ओतल्यावर जिभेवर गोडसर चव येते आणि मग दुसरा पेला मागावासा वाटतो.

जूनच्या मध्यावर इथे पाऊस सुरू होतो. आळुबुखारे पिकण्याच्या दिवसांतला म्हणून त्याला ‘आळुबुखारी पाऊस’ म्हणतात. आपल्या मृगासारखा तो गर्जत येत नाही. तीन-चार आठवडे झिरपत राहतो, भिंतींना बुरशी धरते, कपडे वाळत नाहीत. पण शीहू पाहावं ते याच पावसात, हे माझं ठाम मत आहे. डोंगर एकामागे एक फिकट होत जातात आणि शेवटच्या रांगेपाशी आभाळ कुठे सुरू होतं ते समजत नाही. सू शीनेही ऊन आणि पाऊस दोन्हींतलं शीहू कवितेत घेतलं आहे.

त्यानंतरचे जुलै-ऑगस्ट अवघड. पारा 40 पर्यंत जातो. या काळात एकच करावं : पहाटे पाचला कमळं बघायला जावं आणि आठच्या आत घरी निघावं.

शरद ऋतू इथे नाकाने कळतो. हांगझोऊचं शहर-फूल आहे ग्वेइह्वा, म्हणजे ओस्मँथस. तांदळाच्या कणीएवढी पिवळी-केशरी फुलं, पण वास असा की मेट्रोतून बाहेर पडताच जाणवतो. उकाडा लांबला की फुलंही लांबतात, रात्री गार व्हायला लागल्या की दोन-तीन दिवसांत शहर घमघमतं. मानच्वेलोंग गावात झाडांखाली टेबलं मांडलेली असतात आणि चहात वरून फुलं पडतात. याच दिवसांत कमळकंदाच्या पिठाची गरम लापशी वरून ही फुलं घालून मिळते. आपल्या तवकिलाच्या खिरीसारखी ती चकचकीत, पारदर्शक असते. शाकाहारी पाहुण्यांना मी ती आवर्जून खाऊ घालते, कारण इथले नावाजलेले पदार्थ बहुतेक मासे आणि डुकराच्या मांसाचे.

चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मध्यशरद सण असतो. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपद पौर्णिमा असते, पण 2025 मध्ये तो सण आणि कोजागरी एकाच दिवशी, 6 ऑक्टोबरला आले. आम्ही थर्मासमधून मसाला दूध घेऊन गेलो होतो. शेजारी चटई टाकून बसलेल्या आजी-आजोबांना पेला दिला, त्यांनी आम्हाला मूनकेक दिला. वेलदोड्याचा वास घेऊन आजी कितीतरी वेळ काय काय विचारत होत्या. या रात्री त्या तीन मनोऱ्यांत दिवे लावायची रीत आहे. प्रत्येकाला पाच गोल खिडक्या, त्यांवर पातळ कागद, आत ज्योत, आणि पाण्यात उतरलेले इवले चंद्र.

पण त्या वर्षी हाच आठवडा राष्ट्रीय सुट्टीचाही होता, आणि 1 ऑक्टोबरपासूनची गर्दी ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून पटणार नाही. तुटक्या पुलावर माणसं एकाच दिशेने सोडावी लागतात. 2023 मध्ये याच सुट्टीत इथे आशियाई क्रीडा स्पर्धाही चालू होत्या. बीडच्या अविनाश साबळेने 1 ऑक्टोबरला स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं ते याच शहरात, आणि पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या संघाने क्रिकेटचं सुवर्णही इथेच जिंकलं. त्या दिवसांत मेट्रोत अनोळखी माणसं आमच्याकडे बघून ‘इंदू, इंदू’ म्हणत हसायची. इंदू म्हणजे भारत.

नोव्हेंबरमध्ये मेपल आणि गिंको रंगतात तेव्हा सासूबाई आल्या होत्या. त्यांना मी सरोवराच्या पश्चिमेला लिंगयिन मंदिरात नेलं. चौथ्या शतकात, पूर्व जिन राजवटीत, भारतातून आलेल्या भिक्षूने ते स्थापलं. चिनी परंपरेत त्याचं नाव ह्वेइली. समोरची चुनखडकाची टेकडी पाहून तो म्हणाला, हा तर आमच्याकडच्या गृध्रकूटाचा तुकडा, इकडे कधी उडून आला? तेव्हापासून तिचं नाव ‘उडून आलेलं शिखर’. तिच्या कपारींत शेकडो बौद्ध मूर्ती कोरलेल्या आहेत, पोट सुटलेला हसरा मैत्रेय त्यांत सर्वांत लाडका. पायथ्याशी ह्वेइलीचा छोटा दगडी स्तूप आहे. सासूबाई तरुणपणी राजगीरला जाऊन गृध्रकूट चढून आल्या होत्या. त्यांनी स्तूपाला हात जोडले आणि म्हणाल्या, “अगं, एवढ्या लांब येऊन हा माणूस घरचाच डोंगर शोधत बसला.” मग आम्ही मंदिराच्या शाकाहारी शेवया खाल्ल्या. त्यांना चॉपस्टिक जमेनात, तर वाढणाऱ्या बाईंनी न सांगता चमचा आणून दिला.

लेइफेंग पॅगोडाचीही गोष्ट त्यांना सांगितली. लोककथेत एक श्वेत नागीण स्त्रीरूप घेऊन तुटक्या पुलावर शू श्येन नावाच्या तरुणाला भेटते, पावसात छत्री दिल्या-घेतल्याच्या निमित्ताने त्यांचं लग्न होतं, आणि एक भिक्षू तिला या पॅगोडाखाली कोंडतो. मूळ पॅगोडा दहाव्या शतकातला. त्याच्या विटा घरात ठेवल्या की भलं होतं या समजुतीने लोकांनी त्या इतक्या काढून नेल्या की 25 सप्टेंबर 1924 रोजी तो कोसळला. आताचा 2002 चा आहे, आत लिफ्टही आहे, खाली काचेमागे जुन्या विटांचा ढीग. तिकीट काढून वर जाण्यापेक्षा समोरच्या काठावरून त्याच्यामागे सूर्य मावळताना पाहणं मला जास्त भावतं.

हिवाळा शेवटी ठेवला, कारण तो मला सर्वांत प्रिय. बर्फ दरवर्षी पडतोच असं नाही. पडला की सगळं हांगझोऊ तुटक्या पुलाकडे धावतं. पूल तुटलेला मुळीच नाही. उन्हाकडच्या बाजूचं बर्फ आधी वितळतं, सावलीतलं टिकतं, आणि दुरून कमान मधेच खंडल्यासारखी दिसते, अशी त्या नावाची एक उपपत्ती सांगतात. बर्फ नसलं तरी वाळक्या कमळांचे देठ पाण्यात वाकून उभे असतात. देठ आणि त्यांचं प्रतिबिंब मिळून जे त्रिकोण-चौकोन तयार होतात, त्यासाठी छायाचित्रकार थंडीत तासन् तास बसतात. फेब्रुवारीत गूशान बेटावर ‘मेइ’, म्हणजे आळुबुखाऱ्याच्या जातीचं झाड, फुलते. याच बेटावर लिन बू नावाचा कवी हजार वर्षांपूर्वी एकटा राहिला. मेइची झाडं ही बायको आणि क्रौंच ही मुलं, असं लोक त्याच्याबद्दल म्हणत.

आणि नेमकं हेच इचलकरंजी-भिवंडीहून येणाऱ्या आपल्या लोकांना दिसत नाही. चिनी नववर्षात कछ्याओचा बाजार काही आठवडे बंद असतो, मग कोण कशाला येईल? तरी मी सांगते, सुट्टीचा पहिला आठवडा सोडून त्यानंतर या. काठाच्या बागांना तिकीट नाही, 2002 पासून त्या टप्प्याटप्प्याने मोकळ्या केल्या आहेत. पासपोर्ट जवळ ठेवा, फोनवर पैसे देण्याचं अलीपे ॲप आधीच चालू करून घ्या, लोंगश्यांगछ्याओ स्थानकावर उतरा आणि चालत गूशानकडे निघा. जाड मोजे आणा, काठावर वारं बोचतं. सासूबाईंचं तिकीट यंदा आम्ही फेब्रुवारीचंच काढतो आहोत.