चार सुट्या वह्या

व्हायोलाची एक जुनी छापील वही संगणकाच्या पडद्यावर उघडून मी बराच वेळ पाहत बसलो होतो. तिच्यात सूर असा फारसा सापडत नाही. तेच तेच दोन-तीन स्वर, मग विश्रांतीच्या मात्रा, मग पुन्हा तेच स्वर. अठराव्या शतकात स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, विकत घेणाऱ्याच्या हाती दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्या अशाच चार सुट्या वह्या पडत. सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक मांडलेली एकत्र प्रत सहसा छापलीच जात नसे. चौघे जण एकत्र बसेपर्यंत ती रचना नेमकी काय आहे, हे त्यांच्यापैकी कुणालाच धड कळत नसणार.

या वह्यांना पाय मात्र चांगलेच होते. संगीतकार हायडनच्या 1761 च्या करारानुसार त्याचे संगीत त्याचा मालक असलेल्या एस्टरहाझी राजपुत्राच्या परवानगीशिवाय बाहेर देता येत नव्हते. 1779 च्या नव्या करारात ती अट गळाली. मग 1781 च्या डिसेंबरात त्याने आपल्या सहा नव्या क्वार्टेटांच्या हस्तलिखित प्रती घेण्याविषयी निरनिराळ्या गावच्या रसिकांना पत्रे धाडली. त्यांतले एक झुरिकला लेखक लाव्हाटरकडे गेले. या रचना अगदी नव्या, खास पद्धतीच्या आहेत, असे त्यात लिहिले होते. (आपल्या मालाची तारीफ करण्यात तो मुळीच संकोच करीत नसे.) त्या प्रती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचण्याआधीच व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकाने छापील आवृत्तीची जाहिरात केली आणि हायडन भडकला. त्याचा राग मला रास्त वाटतो, पण त्या जाहिरातीनेच या वह्या कितीतरी अधिक घरांत शिरल्या, हेही खरे.

हे आर्तारिया मूळचे कोमो सरोवराकाठचे इटालियन. त्यांनीच 1785 साली मोझार्टचे सहा क्वार्टेट छापले. साल्झबुर्गच्या माणसाने ते हायडनला अर्पण केले आणि अर्पणपत्रिका लिहिली इटालियनमध्ये. दोघांची मातृभाषा जर्मन असूनही हे तेव्हा कुणाला खटकले नसावे. तिकडे इटलीतल्या लुक्काचा संगीतकार बोक्केरिनी स्पेनमध्ये बसून लिही आणि त्याच्या रचना पॅरिसमध्ये छापल्या जात. स्वतः हायडन 1791 च्या आरंभी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, लंडनला पोहोचला तेव्हा त्याचे संगीत तिथे आधीच घरोघर झालेले होते.

माझ्यासमोरची वही त्या 1781 च्या संचातल्या दुसऱ्या क्वार्टेटची आहे. त्याच्या शेवटच्या भागात सुरुवातीचाच सूर तुकड्यातुकड्यांनी येतो, मध्ये चौघेही थांबतात, आणि श्रोत्यांना वाटते की संपले. मग एक लांबच लांब शांतता. त्यानंतर पहिलीच ओळ पुन्हा, अगदी हलक्या आवाजात, आणि खरोखरच संपते. छापील पानावर त्या शांततेच्या जागी नुसत्या विश्रांतीच्या खुणा आहेत, चारही वह्यांत सारख्याच.